पाचगणीच्या शाळेतला फारोख : फ्रेडी मर्क्युरी आणि क्वीन बँडची ओळख



५ सप्टेंबर जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या शाळांत सारखीच धावपळ असते. मोठ्या वर्गातली मुलं-मुली एक दिवसाचे शिक्षक होतात, मुली आईची साडी नेसून येतात, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या फोटोला हार घातला जातो आणि परिपाठात त्यांची माहिती वाचली जाते. तीच माहिती, दर वर्षी. मी स्वतः ती मुलांना निदान दहा वेळा तरी लिहून दिली असेल. आज मी तुम्हाला त्याच तारखेला जन्मलेल्या आणखी एका माणसाची ओळख करून देणार आहे. हा शिक्षक नव्हता, गायक होता. पण त्याच्या शाळेची जवळजवळ आठ वर्षं आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत गेली. नाव फारोख बलसारा. जगाला तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून माहीत आहे, क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडचा मुख्य गायक.

प्राथमिकच्या बाईंना रॉक बँडचं काय पडलंय, असं तुम्हाला वाटेल. सांगते. मी चेंबूरला पाचवीला शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, त्याचा काका बेंजो पार्टीत ताशा वाजवतो. श्रावण लागला की आमच्या भागातल्या गल्ल्यांत संध्याकाळी बेंजोचा सराव सुरू होतो, आणि हा मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात तोच ताल बाकावर वाजवतो. भागाकार चालू असतानासुद्धा. मी त्याला किती वेळा उभं केलं याचा हिशोब नाही. पहिल्या सत्राच्या पालकसभेत मी त्याच्या आईला स्पष्ट सांगितलं, की हे बेंजोचं खूळ आधी बंद करा, शिष्यवृत्तीचं वर्ष आहे. वर्णनात्मक नोंदींत ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात लिहिलंसुद्धा, बाक वाजवतो, लक्ष विचलित होते.

मग हिवाळ्यात आमची सहल महाबळेश्वर-पाचगणीला गेली. पसरणीचा घाट चढताना बसमध्ये मुलांनी पाय आपटायला सुरुवात केली. दोनदा पाय, एक टाळी. दोनदा पाय, एक टाळी. अख्खी बस हलत होती. त्यांनी हे कुठं ऐकलं असेल? मोबाइलवर, क्रिकेटच्या सामन्यात, कुठंही. आमच्याबरोबरच्या एका सरांनी सांगितलं की हे क्वीनचं गाणं, आणि ज्या बँडचं हे गाणं त्याचा गायक याच घाटानं वर जाऊन शिकलाय. मला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर मी मिळेल ते वाचत गेले. ते सगळं आता तुमच्यासमोर मांडते.

आठ वर्षांचा मुलगा आणि बोट

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर झाला. वडील बोमी आणि आई जेर, दोघंही पारशी, मूळचे गुजरातकडचे. बलसारा हे आडनावच बलसार म्हणजे आजच्या वलसाड गावावरून आलेलं. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. फारोखनंतर सहा वर्षांनी काश्मिरा ही बहीण झाली.

मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा आई-वडिलांनी त्याला चांगल्या शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत घातलं. झांझिबारहून मुंबईपर्यंत बोटीचा प्रवास, मग पुढं पाचगणी. आज आपण तिसरीतल्या मुलाला एकट्याला चेंबूर स्टेशनचा पूल ओलांडू देत नाही. हा मुलगा समुद्र ओलांडून आला होता. दर सुट्टीत घरी जाणं शक्यच नव्हतं, त्यामुळं बऱ्याच सुट्ट्या मुंबईतल्या नातेवाइकांकडं जायच्या.

शाळेत त्याचं फ्रेडी झालं. फारोख हे नाव बाकीच्या मुलांना अवघड वाटलं असावं, आणि हे आपल्याही वर्गांत रोज घडतं. पुढं घरच्यांनीही त्याला फ्रेडीच म्हणायला सुरुवात केली. दुसरं एक टोपणनाव मात्र त्याला बोचायचं. त्याच्या वरच्या जबड्यात मागच्या बाजूला चार दात जास्तीचे होते, त्यामुळं पुढचे दात बाहेर आलेले. मुलं त्यावरून चिडवायची. बोलताना-हसताना ओठांनी किंवा हातानं दात झाकायची त्याला सवय लागली, आणि ती मोठेपणीही गेली नाही. पैसा आला तेव्हाही त्यानं दात नीट करून घेतले नाहीत, कारण आवाज बदलेल अशी त्याला भीती होती.

खेळात मुलगा तरबेज निघाला. टेबल टेनिसमध्ये शाळेत पहिला आला, मुष्टियुद्धातही उतरला. १९५८ साली कनिष्ठ गटातला अष्टपैलू विद्यार्थी म्हणून त्याला बक्षीस मिळालं. चित्रं काढायचा, नाटकांत काम करायचा, गायनवृंदात गायचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं की या मुलाला संगीताचा कान आहे. त्यांनी झांझिबारला त्याच्या आई-वडिलांना पत्र लिहून कळवलं, की नेहमीच्या फीवर थोडे जास्त पैसे भरले तर मुलाला पियानोची वेगळी शिकवणी देता येईल. आई-वडिलांनी होकार दिला. फारोख पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंत पोचला, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही परीक्षा पास झाला. इतकंच. पुढं जगात जे काही झालं त्याच्या मुळाशी एक पत्र आणि थोडी जादा फी आहे.

मी हे वाचून माझ्या नोंदवह्या काढल्या. ‘आवड / छंद’ या रकान्यात चाळीसपैकी तीसेक मुलांपुढं मी चित्र काढणे, गाणी म्हणणे, खेळणे असं लिहिलं होतं. तुम्हीही असंच लिहिता हे मला माहीत आहे. ऑनलाइन कामं, जनगणना, निवडणूक, पोषण आहार, यातून वेळ कुठून काढायचा? तक्रार रास्त आहे. तरी पण त्या वह्या पुन्हा वाचताना मला कसंतरीच वाटलं.

द हेक्टिक्स

बारा-तेरा वर्षांचा असताना फारोखनं चार मित्रांबरोबर शाळेतच एक बँड काढला. नाव ठेवलं, द हेक्टिक्स. रेडिओवर येणारी त्या काळची इंग्रजी गाणी, क्लिफ रिचर्ड, एल्व्हिस प्रेसली, लिटल रिचर्ड यांची, ही मुलं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची. एकदा रेडिओवर ऐकलेलं गाणं फारोख लगेच पियानोवर बसवायचा, असं त्याचे वर्गमित्र सांगत. या पाच जणांपैकी एक पुढं इंग्लंडमध्ये नट झाला आणि एक नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर पोचला.

गंमत पाहा. या बँडमध्ये फारोख मुख्य गायक नव्हता. गायचा दुसराच मुलगा. फारोख मागं बसून पियानो वाजवायचा आणि साथीला सूर द्यायचा. ज्याचा आवाज जगातल्या मोठ्या रॉक गायकांत गणला जातो, तो शाळेच्या रंगमंचावर मागच्या रांगेत होता. स्नेहसंमेलनाला आपण ज्यांना मागच्या रांगेत झाडं आणि ढग करून उभं करतो, त्यांची मला या वाक्याशी हटकून आठवण येते.

अभ्यासात सुरुवातीला तो बरा होता, पण शेवटच्या वर्षांत लक्ष उडालं आणि गुण घसरले. १९६३ साली तो झांझिबारला परतला. पाचगणीचं पान इथं मिटलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंच ते मिटून टाकलं. मोठेपणी मुलाखतींत तो या शाळेविषयी, भारताविषयी फारसं बोलत नसे. फ्रेडीच्या काळात क्वीनचा एकही कार्यक्रम भारतात झाला नाही. आपण आज त्याला आपला म्हणून मिरवतो, तेव्हा हेही लक्षात ठेवलेलं बरं.

पुन्हा बोऱ्याबिस्तरा

जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली, अरब आणि भारतीय वंशाची हजारो माणसं मारली गेली. बलसारा कुटुंब थोडंफार सामान घेऊन इंग्लंडला पळालं आणि लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम या उपनगरात एका छोट्या घरात राहू लागलं. तिथं उन्हापावसाचं, अन्नाचं, शेजाऱ्यांचं सगळंच वेगळं. फारोख तेव्हा सतरा वर्षांचा.

आधी जवळच्या तंत्रशाळेत कलेचा अभ्यास, मग ईलिंग कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन. १९६९ साली त्याला पदविका मिळाली. (डीएडवाल्यांनो, तोही आपल्यासारखा पदविकाधारकच.) शिकता शिकता त्यानं हीथ्रो विमानतळावर सामानाची हमाली केली. नंतर केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांची टपरी चालवली, तीही रॉजर टेलर या ड्रम वाजवणाऱ्या मित्राबरोबर. मधल्या काळात दोन-तीन बँड झाले, मोडले.

रॉजर टेलर आणि ब्रायन मे हे दोघं स्माइल नावाच्या बँडमध्ये होते. १९७० मध्ये त्यांचा गायक सोडून गेला आणि फारोख त्यांना येऊन मिळाला. बँडचं नाव क्वीन ठेवायचं हे त्यानंच सुचवलं, आणि स्वतःचं आडनाव बदलून मर्क्युरी केलं. मर्क्युरी म्हणजे बुध. बँडचं बोधचिन्हही त्यानंच काढलं, कॉलेजात शिकलेलं कामी आलं. त्यात चौघांच्या राशी आहेत : सिंह राशीच्या दोघांसाठी दोन सिंह, कर्केच्या ब्रायनसाठी खेकडा, आणि कन्येच्या स्वतःसाठी दोन पऱ्या.

चौघं आणि त्यांची प्रगतिपुस्तकं

पालकहो, हा भाग खास तुमच्यासाठी. बँड काढणारी मुलं म्हणजे वाया गेलेली, असं आपलं एक मत असतं. या चौघांचं शिक्षण पाहा.

ब्रायन मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये तो ग्रहांच्या मधल्या धुळीवर पीएचडी करत होता. बँड चालू लागला तेव्हा प्रबंध अर्धवट राहिला, आणि तीस वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर, २००७ साली, त्यानं तो पूर्ण करून पदवी घेतली. साठ वर्षांचा होता तेव्हा! त्याची गिटार म्हणजे तर आपल्या कार्यानुभवाच्या तासाचा आदर्श नमुना. शाळकरी वयात १९६३ च्या सुमारास त्यानं वडिलांच्या मदतीनं ती घरीच बनवली. गिटारची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, आतल्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनमधल्या, पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या, आणि दांडीचं टोक विणायच्या सुईचं. टाकाऊतून टिकाऊ असं आपण फळ्यावर लिहितो आणि मुलांकडून आइस्क्रीमच्या काड्यांची पेनस्टँड करून घेतो. ही गिटार त्यानं जन्मभर वाजवली.

जॉन डीकन १९७१ मध्ये आला. बेस गिटार वाजवायचा, अगदी अबोल. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी पहिल्या वर्गात मिळवलेला. रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत त्याला एक सर्किट सापडलं, ते घरी आणून त्यानं एक लहानसा ॲम्प्लिफायर जोडला आणि क्वीनच्या कितीतरी गाण्यांत तो वापरला गेला. रॉजर टेलर दंतवैद्यकाला गेला होता, ते सोडून त्यानं जीवशास्त्र घेतलं. आणि चौथा फ्रेडी, कलेचा.

चौघंही गाणी लिहायचे, चौघांचीही गाणी गाजली. हे फार थोड्या बँडच्या वाट्याला येतं. भांडणंही भरपूर व्हायची, विशेषतः रेकॉर्डच्या मागल्या बाजूला कुणाचं गाणं जाणार यावरून, कारण त्यावर पैसे ठरायचे.

पहिला अल्बम १९७३ साली आला, फारसा गाजला नाही. १९७४ च्या अखेरीस जरा नाव झालं. मग १९७५ मध्ये आलं ते गाणं, बोहेमियन रॅप्सोडी.

हे गाणं आपल्या मुलांना ऐकवाच असं मी म्हणत नाही, शब्द मोठ्यांसाठीचे आहेत. पण ते बनलं कसं हे समजून घेण्यासारखं आहे. गाण्याला ध्रुवपद नाही. आधी संथ गाणं, मग एकदम युरोपातल्या संगीत नाटकासारखा भाग, मग दणदणीत रॉक, मग पुन्हा शांत. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद, आणि त्या वेळी रेडिओवर गाणं वाजायचं साधारण तीन मिनिटांचं. मधल्या भागात मोठा गायनवृंद गातोय असं वाटतं, पण गाणारे तिघंच : फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. तिघांनी गायचं, ते टेपवर घ्यायचं, त्यावर पुन्हा गायचं, असं किती वेळा तरी. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडात धरली तर आरपार दिसू लागली. सगळी रचना फ्रेडीच्या डोक्यात तयार होती, बाकीच्यांना पूर्ण गाणं कसं होणार ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. पाचगणीचा गायनवृंद आणि पियानोचा वर्ग त्या मधल्या भागात कुठंतरी आहे असं मला वाटतं. हे माझं मत, पुरावा नाही.

कंपनीच्या मंडळींना गाणं कापून लहान करायचं होतं. बँडनं नकार दिला. केनी एव्हरेट नावाच्या रेडिओ निवेदकानं ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवलं, आणि सोमवारी लोक दुकानांत विचारायला गेले. इंग्लंडमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

दोन पाय, एक टाळी

आता आमच्या बसमधल्या गाण्याकडं येते. १९७७ साली इंग्लंडमधल्या एका सभागृहात कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक घरी जाईनात. ते आपणहून एक गाणं म्हणत उभे राहिले, बँडला ऐकवत. ब्रायन मेच्या मनात आलं, की गर्दीत दाटीनं उभ्या असलेल्या माणसांना काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. तेवढ्यावरच त्यानं गाणं रचलं, वुई विल रॉक यू. जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत त्यांना लाकडी फळ्या सापडल्या, त्यावर त्यांनी पाय आपटले, आणि तो आवाज वेगवेगळ्या उशिरानं एकावर एक चढवला, म्हणजे हजारो माणसं जवळ-दूर उभी राहून पाय आपटताहेत असं ऐकणाऱ्याला वाटतं. ध्वनीला अंतर कापायला वेळ लागतो, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचणारच.

मी हे वर्गात करून पाहिलं. चार मात्रा मोजायच्या. पहिल्या दोन मात्रांना पाय, तिसरीला टाळी, चौथी मात्रा रिकामी. मुलांना पाय आणि टाळी लगेच जमते, रिकामी मात्रा जमत नाही. चाळीस मुलांनी एकदम गप्प राहायचं, तेही एक मात्राभर! शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. पण पाव, अर्धा, पाऊण शिकवायला याच्यासारखं साधन मला आजवर सापडलं नव्हतं. तुम्हीही करून पाहा, फक्त तळमजल्याचा वर्ग निवडा.

त्याच वर्षी फ्रेडीचं वुई आर द चॅम्पियन्स आलं. आज जगात कुठंही कुणी चषक उचलला की ते वाजतं. १९८० मध्ये डीकनच्या एका गाण्यानं अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला. १९८१ साली ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या एकाच मैदानात एका कार्यक्रमाला सव्वा लाखाहून जास्त लोक आले.

एक डागही सांगायला हवा. १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद चालू असताना आणि जगातल्या कलावंतांनी तिथं जायचं नाही असं ठरवलेलं असताना क्वीननं सन सिटीला जाऊन कार्यक्रम केले. त्यांच्यावर टीका झाली, इंग्लंडच्या संगीतकारांच्या संघटनेनं दंड केला. आम्ही कुणासाठीही गातो, राजकारण आमचं काम नाही, असा त्यांचा बचाव होता. मला तो पटत नाही. आफ्रिकेत जन्मलेल्या, रंगानं सावळ्या माणसानं हे करायला नको होतं.

पुढच्या वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानात लाइव्ह एड हा मोठा कार्यक्रम झाला. प्रत्येकाला वीसेक मिनिटं. क्वीनचे दिवस भरले असंच तेव्हा बोललं जात होतं. त्यांनी आधी एक नाट्यगृह घेऊन, घड्याळ लावून त्या वीस मिनिटांचा सराव केला होता, आणि सहा गाणी त्यात बसवली. मधेच फ्रेडीनं नुसता आवाज लावून प्रेक्षकांना साद घातली आणि ७२ हजार लोकांनी त्याच सुरात उलट दिली. हे तुम्हाला नवीन वाटणार नाही. आपल्याकडं विसर्जनाला एक जण बाप्पाचं नाव घेतो आणि गल्ली उत्तर देते, तेच हे, फक्त सुरात. त्या दिवशी इतके मोठमोठे कलाकार गायले, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच.

शेवटची वर्षं

हा भाग वर्गात कसा सांगायचा हे मुलांच्या वयावर आहे. मी पाचवीला फक्त आजार सांगितला. तुम्हा मोठ्यांना पूर्ण सांगते. फ्रेडीचं मेरी ऑस्टिन या मैत्रिणीवर सुरुवातीला प्रेम होतं आणि ती शेवटपर्यंत त्याची जवळची राहिली. पण त्याचा ओढा पुरुषांकडं होता, आणि शेवटची वर्षं त्यानं जिम हटन या जोडीदाराबरोबर काढली. १९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची लागण असल्याचं निदान झालं. तेव्हा त्यावर धड औषध नव्हतं, आणि भीती मात्र अफाट होती. वर्तमानपत्रवाले त्याच्या दारात बसून असायचे. त्यानं ते जगापासून लपवलं आणि काम करत राहिला. स्पेनच्या ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्याबरोबर एक अल्बम केला. पाय उभे राहत नसतानाही स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो गावच्या स्टुडिओत जाऊन तो गात राहिला. आपल्यामागं बाकीच्यांनी पूर्ण करावीत म्हणून त्यानं ओळी गाऊन ठेवल्या, आणि त्या १९९५ च्या अल्बममध्ये आल्या.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यानं आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरला, तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

आपल्या महाराष्ट्रातही त्या काळात आणि नंतर कितीतरी घरांनी हा आजार लपवला, आणि शाळांनी अशा घरांतल्या मुलांना वेगळं बसवलं. एकत्र बसल्यानं, डबा वाटून खाल्ल्यानं एचआयव्ही होत नाही. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत यावरची औषधं मोफत मिळतात आणि ती नियमित घेणारा माणूस आयुष्यभर काम करू शकतो. आपल्या वर्गात असं मूल असेल तर ते कुणाला कळण्याची गरजही नाही. एवढं शिक्षक म्हणून आपल्याला ठाऊक हवं.

त्याच्या मृत्यूनंतर बोहेमियन रॅप्सोडी पुन्हा बाजारात आलं आणि नाताळात दुसऱ्यांदा इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मिळकत एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली गेली. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीलाच त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला, त्यातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. क्वीनच्या गाजलेल्या गाण्यांचा १९८१ चा संग्रह इंग्लंडमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम आहे. २०१८ मध्ये फ्रेडीवर चित्रपट आला, त्याची भूमिका करणाऱ्या रामी मलेकला ऑस्कर मिळालं. डीकननं १९९७ नंतर गाणं-वाजवणं सोडलं. मे आणि टेलर दुसऱ्या गायकाबरोबर कार्यक्रम करत राहिले. आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी, फ्रेडीच्या सत्तराव्या जन्मदिवशी, खगोलशास्त्रज्ञ झालेल्या ब्रायन मेनं जाहीर केलं, की मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फिरणाऱ्या १७४७३ क्रमांकाच्या लघुग्रहाला फ्रेडी मर्क्युरीचं नाव दिलं आहे. पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमालेचा पाठ घेताना हे सांगा, मुलं लघुग्रह हा शब्द विसरणार नाहीत.

आता माझ्या वर्गातला तो मुलगा. सहलीहून आल्यावर मी त्याच्या आईला पुन्हा बोलावलं. पालकसभेत जे बोलले ते मागं घेतलं. आमच्याकडं पियानो नाही, जादा फीचा प्रश्नच नाही. शाळेच्या कपाटात एक जुना ढोल आणि दोन लेझीमच्या जोड्या होत्या, ढोलाला नवं पान चढवून घेतलं. परिपाठाला तो वाजवतो. दुसऱ्या सत्राच्या नोंदी लिहिताना बाक वाजवतो हे वाक्य मी ‘सुधारणा आवश्यक’ मधून काढलं आणि ‘आवड / छंद’ मध्ये जरा नीट लिहिलं : ऐकलेला कोणताही ताल लगेच वाजवतो, रिकामी मात्रा अचूक सोडतो.

आई ते वाचून हसली. मग तिनं विचारलं, की बाई, याचे मार्क किती मिळतात? मी तिला खरं तेच सांगितलं, की काहीच नाही. भागाकार अजून कच्चाच आहे, त्यासाठी तो शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबतो.